अँटेनाचा वेग आणि बोटीचा वेग : एका वेकसर्फ बोटीचं प्रकरण

वेकसर्फ म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहून घसरण्याचा खेळ. बोट २२ फुटी, इनबोर्ड, व्ही-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या टोकाला. पेट्रोलवरचं व्ही-८ इंजिन, थ्रॉटल केबलचा. त्या केबलच्या वाटेत एक सर्वो, म्हणजे हुकमाप्रमाणे थोडी थोडी फिरणारी मोटर, आणि तिला हुकूम देणारा जीपीएसवरचा स्पीड कंट्रोल. हा कंट्रोल कारखान्यातून आलेला नव्हता, आधीच्या मालकाने नंतर बसवून घेतला होता. ठिकाण टेक्ससमधल्या ऑस्टिनजवळचं लेक ट्रॅव्हिस. बोटीचा आताचा मालक माझा मित्र, मूळचा सांगलीचा. बोट बहुतेक वेळा वहिनीच चालवतात, कारण बाकी सगळ्यांना पाण्यात उतरायचं असतं.

तक्रार अशी. कंट्रोलवर ताशी ११ मैल, म्हणजे साधारण १७.७ किलोमीटर, लावलं की आकडा एका जागी ठरत नाही. १०.५ पर्यंत उतरतो, ११.५ च्या वर जातो, आणि इंजिनाचा आवाजही त्याबरोबर चढतो-उतरतो. वेकबोर्डसाठी, म्हणजे दोरीने ओढत नेण्याच्या खेळासाठी, २२ मैल लावले तर मात्र काहीच कुरकुर नाही. सकाळी लवकर गेलं तर त्रास कमी, शनिवारी दुपारी तर लाटेवर कुणाला धड उभं राहता येत नाही.

वेकबोर्डवाल्याच्या हातात दोरी असते. वेग अर्ध्या मैलाने हलला तरी दोरी त्याला ओढून नेते. वेकसर्फमध्ये एकदा उभं राहिल्यावर दोरी बोटीत टाकून द्यायची आणि बोटीमागच्या लाटेच्या उतारावर घसरत राहायचं. तिथे माणसाला पुढे ढकलतं ते फक्त लाटेचं तोंड. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी १०.५ मैलांना ती सुमारे १४ मीटर येते आणि ११ मैलांना साडेपंधराच्या आसपास. अर्ध्या मैलाच्या फरकाने लाट जवळपास दीड मीटर लांबते किंवा आखडते. फळीवरच्या माणसाला एवढं पुरतं. नेमकी जागा पायाखालून सरकली की तो मागे पडतो, आणि मग बोट वळवून त्याला आणायला जायचं.

आमच्याकडे प्रकरण येण्याआधी बोट एका वर्कशॉपमध्ये जाऊन आली होती. तिथे नवीन जीपीएस मॉड्यूल बसवून दिलं. फरक शून्य. मग कुणीतरी सांगितलं की उन्हात पेट्रोल तापतं, नळीत वाफ अडकते, म्हणून दुपारी इंजिन अडखळतं. टेक्ससचा जुलै पाहता ही गोष्ट पटण्यासारखी होती. तिसऱ्या कुणीतरी कंट्रोलच्या सेटिंगमध्ये शिरून गेन वाढवून ठेवला होता, म्हणजे चूक दिसताच कंट्रोलने अधिक जोरात दुरुस्ती करावी. त्याने दुखणं वाढलं, पण गेन पुन्हा खाली आणायचं कुणाला सुचलं नाही.

स्पीड कंट्रोलच्या तक्रारीत माझा आग्रह एकच असतो. सुटा भाग विकत घेण्याआधी नक्की कुठला आकडा हलतोय ते ठरवा. इंजिनाचे फेरे हलतायत, बोट हलतेय, की नुसतं मोजमाप हलतंय? तिन्ही एकाच वेळी हलताना दिसतात म्हणून गोंधळ होतो. कारण कंट्रोल बंद वर्तुळात चालतो. मोजमाप चुकलं की थ्रॉटल हलतो, थ्रॉटल हलला की बोट हलते, बोट हलली की मोजमाप पुन्हा हलतं. वर्तुळ तोडल्याशिवाय चोर सापडत नाही. पुण्याकडे डिझेल जनसेटवर काम केलेल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. सेट हंटिंग करायला लागला, म्हणजे त्याचा वेग आपोआप वर-खाली डोलायला लागला, की तो आधी वेग सांभाळणारा गव्हर्नर बाजूला ठेवून इंधन कमी-जास्त करणारा रॅक हाताने धरतो आणि इंजिन ऐकतो.

इथेही तेच केलं. टाक्या पूर्ण भरल्या. बॅलास्टचं, म्हणजे लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत मुद्दाम भरलेलं, पाणीच साधारण १४०० किलो, वर माणसं. कंट्रोल बंद केला आणि वहिनींनी लीव्हर हाताने ११ च्या आसपास आणून तसाच धरला. इंजिनाचे फेरे एका रेषेत राहिले, आवाज सपाट. म्हणजे इंधन, इग्निशन, पंखा (प्रोपेलर) हे सगळे निदान पहिल्या संशयातून सुटले. उन्हाच्या गोष्टीसाठी वेगळी चाचणी लागली. मधल्या वारी, तशाच रणरणत्या दुपारी, कंट्रोल चालू ठेवून गेलो. तलाव जवळपास रिकामा होता आणि त्रास सकाळच्याइतकाच कमी. शनिवारच्या दुपारी ऊन असतं तशी बोटींची गर्दीही असते. सगळ्यांनी उन्हाला धरलं होतं, गर्दीकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाणी तापल्याने काही बिघडत नव्हतं, ते खवळल्याने बिघडत होतं.

पण खवळलेल्या पाण्याने कंट्रोल का गडबडावा, हे वहिनींमुळे उलगडलं. आम्ही दोघं आकड्यांकडे डोळे लावून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, स्क्रीन सोडा, नाकाकडे बघा. नाक वर गेलं की मग इंजिन ओरडतं. आधी नाक, मग आवाज." तसंच होतं. दुसऱ्या बोटीची लाट आली की आमचं नाक हलकेच उचलायचं, क्षणभराने इंजिन जोर करायचं, नाक आणखी थोडं उचलायचं, मग आवाज पडायचा. हा फेरा साधारण दोन सेकंदांचा होता.

मग टॉवरकडे लक्ष गेलं. वेकबोर्डची दोरी बांधायला बोटीवर जी नळ्यांची कमान असते तो टॉवर. जीपीएसची अँटेना, बिस्किटाएवढी काळी चकती, या कमानीच्या माथ्यावर बसवलेली होती. आधीच्या मालकाने टॉवरवर स्पीकर आणि एलईडी दिवे चढवले तेव्हाच ती खालून वर नेलेली दिसत होती. तारेचा जोड स्पीकरच्या तारांच्या जुडग्यातच होता. विचार सरळ होता : जितकं वर तितकं आकाश मोकळं. आकाश मोकळं होतंच, उपग्रह भरपूर दिसत होते, सिग्नलची पट्टी पूर्ण भरलेली होती. म्हणून तर प्रत्येक जण म्हणत होता की जीपीएसमध्ये खोट नाही.

आणि खरोखरच खोट नव्हती. जीपीएस रिसीव्हर वेग काढतो तो मुख्यतः उपग्रहाच्या सिग्नलमधल्या डॉप्लर बदलावरून, म्हणजे हालचालीमुळे सिग्नलच्या लहरींत पडणाऱ्या फरकावरून, आणि चांगला रिसीव्हर सेकंदाला पाच-दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक वेग सांगतो. पण तो वेग अँटेनाचा असतो. कोकणातल्या बंदरात नांगरलेली होडी पाहिली असेल तर लक्षात येईल, खोड, म्हणजे होडीचं मुख्य अंग, जेमतेम हलत असतं आणि डोलकाठीचं टोक मात्र केवढं झुलतं. आमच्या टॉवरचा माथा बोट ज्या अक्षाभोवती मागेपुढे झुलते त्याच्या सुमारे दोन मीटर वर होता. नाक फक्त दोन अंश वर आणि दोन अंश खाली, आणि फेरा दोन सेकंदांचा, एवढं धरलं तरी माथ्याचा वेग सेकंदाला २२ सेंटिमीटरने पुढे-मागे होतो. ताशी मैलात तो जवळपास अर्धा मैल. म्हणजे बोट प्रामाणिकपणे ११ ने चालली असताना अँटेना १०.५ ते ११.५ सांगणार, आणि तेही खरं सांगणार.

पडताळायला १० हर्ट्झचा जीपीएस लॉगर घेतला. असे लॉगर विंडसर्फिंगवाले आणि गाड्यांच्या शर्यतीवाले वापरतात, सेकंदाला दहा नोंदी करतात. फोनवर भागवू नये. बरेचसे फोन सेकंदाला एकच नोंद देतात आणि तीही घोटून गुळगुळीत केलेली, दोन सेकंदांचा फेरा त्यात दिसतच नाही. कंट्रोल बंद, लीव्हर स्थिर, आणि लॉगर आधी टॉवरवर अँटेनाशेजारी टेपने चिकटवला, मग बोटीच्या मध्याजवळ तळाच्या फळीवर ठेवला. टॉवरवरच्या नोंदीत करवतीचे दात. तळाच्या फळीवरच्या नोंदीत जवळपास सरळ रेघ, तीवर हळूच येणारे छोटे उंचवटे. तीच बोट, तेच पाणी.

आता २२ मैलांना त्रास का नव्हता तेही जुळलं. एवढ्या लांबीच्या बोटीचा खोडाच्या लांबीशी बांधलेला नैसर्गिक वेग ताशी सात मैलांच्या आसपास असतो. त्याच्या पुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, नाक आकाशाकडे, शेपूट खोल. २२ ला ती चढून पलीकडे पोचलेली असते, पाण्यावर सपाट पळते आणि नाक फारसं हलत नाही. ११ मैल हा बरोबर चढावरचा वेग. वेकसर्फला तोच हवा असतो, कारण तिथेच बोट सगळ्यात जास्त पाणी ढकलते. पण तिथे गॅस, म्हणजे थ्रॉटल, वाढवला की बोट वेग घेण्याआधी नाक उचलते. नाक उचललं की टॉवरचा माथा मागे जातो, अँटेना सांगते वेग कमी झाला, आणि कंट्रोल आणखी गॅस देतो. लाटेने सुरू केलेलं डोलणं कंट्रोल स्वतःच्या हाताने वाढवत होता. वाढवलेल्या गेनने त्यात तेलच ओतलं.

यावर काही जण सुचवतात की सॉफ्टवेअरमधला फिल्टर वाढवावा, दोन सेकंदांचं डोलणं गाळून टाकावं. मला ते पटत नाही. दोन सेकंदांचा फेरा गाळण्याइतका फिल्टर लावला की कंट्रोलला खरा वेगही उशिरा कळतो, आणि उशिरा कळणारा कंट्रोल स्वतःच हेलकावे खातो. जिथे रोग आहे तिथेच काम करावं. अँटेना टॉवरवरून उतरवून डॅशबोर्डच्या आत, विंडशील्डच्या पायथ्याशी बसवली. फायबरग्लासमधून जीपीएसचा सिग्नल जातो. धातूतून आणि कार्बन फायबरमधून जात नाही, तेवढं पाहून जागा निवडावी. तार नवीन टाकली, मधला जोड काढला, आणि ॲम्प्लिफायरच्या तारांपासून ती दूर नेली. टॉवरपेक्षा उपग्रह एखाद-दुसरा कमी दिसतो. काही बिघडत नाही.

करवतीचे दात गेले. इंजिनाचं दर लाटेला ओरडणं थांबलं. पण प्रकरण संपलं नाही.

वेगवान डोलणं निघून गेल्यावर त्याखाली दडलेलं एक सावकाश डोलणं उघडं पडलं. सात-आठ सेकंदांचा फेरा, वर-खाली एक-तृतीयांश मैल. हे शांत पाण्यातही होतं आणि खवळलेल्या पाण्यातही तेवढंच. फेऱ्याचा काळ घड्याळावर मोजणं हे मला या कामातलं सगळ्यात स्वस्त हत्यार वाटतं. पाणी बदललं तरी काळ बदलत नसेल तर कारण पाण्यात नाही, यंत्रणेत आहे. आणि लीव्हर हाताने धरला की हे डोलणं गायब, म्हणजे इंजिनातही नाही. उरला सर्वो आणि त्याच्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतची दांडी-केबल.

इंजिन बंद करून, चावी काढून, झाकण उघडलं. थ्रॉटल बॉडीवरचा आर्म बोटांत धरून हलवला तर तो चांगला तीन-चार मिलिमीटर मोकळा फिरत होता, सर्वोला पत्ताही नाही. केबलच्या टोकाचा क्लेव्हिस, म्हणजे पिन घालायची चिमट्यासारखी कडी, झिजलेला, पिनचं भोक गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालं होतं. भोकाच्या कडेला पितळेसारखी चमक आलेली, म्हणजे पिन तिथे बराच काळ घासत होती. शिवाय केबलचं बाहेरचं आवरण धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला होता, त्यामुळे सर्वो ओढायचा तेव्हा आतल्या तारेआधी आवरणच सरकायचं. मेकॅनिकच्या भाषेत, केबलला प्ले होता.

असा प्ले आणि चूक साठवत जाणारा कंट्रोल एकत्र आले की हंटिंग ठरलेलंच. वेग थोडा पडतो, सर्वो गॅस वाढवायला निघतो, पहिले दोन-तीन मिलिमीटर हवेतच जातात. वेग वाढत नाही म्हणून कंट्रोल हुकूम वाढवत राहतो. प्ले संपतो तेव्हा हुकूम गरजेपेक्षा जास्त झालेला असतो, वेग वर निघून जातो, आणि उलट दिशेने तीच कथा. गेन कमी केला तर फेरा लांबतो आणि डोलणं कमी जाणवतं, पण जात नाही. अनेक जण इथेच समाधान मानून घरी जातात.

क्लेव्हिस आणि पिन बदलली, क्लॅम्प आवळला, केबलची लांबी पुन्हा जुळवली. हे सगळे भाग नव्या जीपीएस मॉड्यूलच्या तुलनेत किरकोळ किमतीचे. दुरुस्तीनंतर एक गोष्ट न चुकता पाहिली. लीव्हर पूर्ण मागे घेतला की थ्रॉटल पूर्ण बंद होतो का, स्प्रिंग त्याला स्वतःच्या जोरावर आणते का? मागे पाण्यात माणूस असताना गॅस अडकला तर काय होईल हे सांगायला नको. केबलला हात लावणाऱ्याने ही तपासणी किनाऱ्यावरच करावी. त्यानंतर गेन मूळ पायरीवर आणला. यांत्रिक दोष काढण्याआधी गेनला हात लावायचा नाही, एवढा एक हट्ट मी धरला होता, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळलंच नसतं.

बाकीच्या गोष्टी भराभर पाहिल्या. बॅलास्टचे पंप चालू असताना कंट्रोलच्या टोकाला व्होल्टेज किती पडतं ते मोजलं, ठीक होतं. पंख्याच्या पात्यांना किरकोळ खरचटणं होतं, वाकलेलं काही नव्हतं. इंजिनाकडे ताकद शिल्लक आहे का, म्हणजे टाक्या भरून ११ ला जाताना थ्रॉटल अगदी टोकाला तर टेकत नाही ना, तेही पाहिलं. टेकत असेल तर कंट्रोल कितीही शहाणा असो, त्याच्या हातात द्यायला काही उरत नाही. भरमसाट बॅलास्ट आणि चुकीच्या पिचचा (पात्यांच्या तिरपेपणाचा) पंखा असलेल्या बोटींत हे वारंवार दिसतं.

आता शांत पाण्यात आकडा ११.० च्या एक-दोन दशांश इकडे-तिकडे राहतो. शनिवारी दुपारी थोडा जास्त हलतो, पण तो बोटीचा खरा वेग असतो. सर्फर पडला, बोट वळवली, स्वतःच्याच जुन्या लाटांवरून परत आलो तर वेग पडणार आणि भरून निघायला काही सेकंद लागणार. त्यात दोष शोधू नये.

एक शंका मित्राने नंतर विचारली, तीही इथे नोंदवतो. खाडीच्या तोंडाशी एका ठिकाणी कंट्रोल दर वेळी जोर करतो, असं का? तिथे खोली मोजली तर आठ-नऊ फूट निघाली. अडीच मीटर खोलीच्या पाण्यात लाट जास्तीत जास्त ज्या वेगाने जाऊ शकते तो वेग ताशी ११ मैलांच्या आसपासच येतो. बोट त्याच वेगाने चालली की पाण्याचा विरोध एकदम वाढतो, शेपूट बसते, लाटही बिघडते. लेक ट्रॅव्हिस हा कोलोरॅडो नदीवर मॅन्सफिल्ड धरणाने अडवलेला जलाशय आहे, टेक्ससची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनची नव्हे. दुष्काळात त्याची पातळी कित्येक फूट उतरते, त्यामुळे गेल्या वर्षी खोल असलेली जागा यंदा खोल असेलच असं नाही. कंट्रोलला दोष देण्याआधी खोली पाहावी. आणि ११ मैलांच्या लाटेला तळ जाणवू नये म्हणून निदान २५ फूट पाणी हवं.

दुसरी तक्रार धरणाच्या खालच्या अंगाची. कधी कधी तो बोट लेक ऑस्टिनवर नेतो. लेक ऑस्टिन म्हणजे मॅन्सफिल्ड आणि टॉम मिलर या दोन धरणांमधला अरुंद, नदीसारखा पट्टा. तिथे आकडा ११.० वर खिळ्यासारखा स्थिर, तरी एका दिशेने जाताना लाट लांब आणि चपटी, परत येताना आखूड आणि मऊ. "आता काय बिघडलं?" म्हणून फोन. बिघडलं काहीच नव्हतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग मोजतो आणि लाट पाण्याच्या तुलनेत तयार होते. प्रवाह ताशी अर्धा मैल असेल तर प्रवाहाविरुद्ध ११.० लावलेली बोट पाण्यातून साडेअकराने जाते आणि प्रवाहाबरोबर साडेदहाने. बोटीच्या तळाला पूर्वी पॅडलव्हील असायचं, पाण्यात फिरणारं छोटं चाक, त्याला हा फरक आपोआप कळतो. मित्राला ते पुन्हा बसवायची हुक्की आली होती. मी नको म्हटलं. त्या पाण्यातल्या शेवाळात ते दर थोड्या वेळाने अडकणार आणि नवी तक्रार उभी राहणार. प्रवाहाविरुद्ध १०.५ लावायचे, प्रवाहाबरोबर ११.५, आणि पुढचे दशांश फळीवरच्या माणसाने अंगठ्याने सांगायचे : वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर.